भिंत का पडली, एवढंच तिने विचारलं होतं

दुपारची नमाज आटोपून मी ओसरीवर टेकलो होतो, तेवढ्यात फोन वाजला. दुबईहून झैद बोलत होता, माझ्या भाच्याचा मुलगा. एरवी तो फोनवर आला की आधी हसतो, मग बोलतो. त्या दिवशी हसला नाही. "नाना, दादा इज नो मोअर," तो म्हणाला. "धिस मॉर्निंग. इन हिज स्लीप. पापा कॅन्ट टॉक." मी काहीच बोललो नाही, तेव्हा मला इंग्रजी कळलं नाही असं त्याला वाटलं असावं. तो हिंदीत म्हणाला, "नाना, आप आओगे ना? दादी पूछ रही है."

इब्राहीम भाऊजी गेले. माझी थोरली बहीण हमीदाआपा, तिचे यजमान. वय नव्वदीला टेकलेलं, अल बर्शातल्या मुलाच्या फ्लॅटमध्ये आपल्या खाटेवर, झोपेत, कुणालाही हाक न मारता. अशा मरणाचं लोक कौतुक करतात. मलाही बरं वाटलं, पण त्याहून जास्त नवल वाटलं. कारण एक काळ असा होता की हा माणूस मरण शोधत होता, आणि तो काळ मी एका खोलीत त्यांच्या शेजारी झोपून पाहिला आहे... गेले काही आठवडे हे लिहावं की नाही, या विचारात होतो. शेवटी आपाला विचारलं. ती म्हणाली, "लिही. पण ते फार चांगले होते, फार चांगले होते, असं लिहू नको. झालं ते लिही."

आमचं गाव रत्नागिरीच्या खाडीकाठचं. घरं डोंगराच्या उतारावर, एकाच्या डोक्यावर एक. अशा गावात गवंड्याला कधी फुरसत नसते. भाऊजींचे हात लागले नाहीत अशी दगडी पायऱ्यांची पाखाडी किंवा आवाराचा गडगा आमच्या वाडीत शोधून सापडायचा नाही. चुना नाही, सिमेंट नाही, जांभ्याचा चिरा चिऱ्यावर असा बसवायचे की चार महिन्यांचा पाऊस अंगावर घेऊन बांध जागचा हलायचा नाही. साठच्या दशकाच्या सुरुवातीला गावातले बरेच जण आखाताकडे निघाले, त्यात भाऊजी गेले आणि आपल्याबरोबर माझा थोरला भाऊ हुसेन याला घेऊन गेले. हुसेनभाई आपापेक्षा लहान, माझ्यापेक्षा मोठा. मॅट्रिक झाल्यावर मीही त्यांच्यामागे गेलो आणि दुबईच्या देरा भागात एका व्यापाऱ्याच्या कचेरीत टायपिस्ट म्हणून लागलो.

तेव्हा अमिराती एक झालेल्या नव्हत्या. दुबई म्हणजे खाडीच्या दोन्ही काठांवरची वस्ती, झावळ्यांची घरं, घरात वारा ओढणारे बुरूज आणि गाढवांवरून दारोदार येणारं पिण्याचं पाणी. आम्ही गावचे सातआठ जण एका खोलीत राहायचो. हुसेनभाईला त्या खोलीत कधी स्वस्थ बसलेलं मी पाहिलं नाही. खाडी ओलांडायला अब्रा, म्हणजे छोटी होडी असायची; ती चुकली की हा कपडे डोक्याला गुंडाळून सरळ पाण्यात उतरायचा आणि पलीकडे पोहत जायचा. नावाडी शिव्या घालायचे, हा हात हलवून त्यांना सलाम करायचा. भाऊजी मला म्हणायचे, "तुझा भाऊ माझ्याकडे कामाला आहे की मी त्याच्याकडे, हेच मला कळत नाही." आणि हसायचे. भाऊजींचं ते हसणं मी त्या पहिल्या वर्षात ऐकलं ते शेवटचं.

वस्तीबाहेर एका अरबी व्यापाऱ्याने नवं घर बांधलं होतं. घराच्या मागे वाळूचा चढ. त्याला तिथे बाग हवी होती, तीही पायऱ्यापायऱ्यांची: वर खजूर, मध्ये मोगरा, खाली बसायला फरसबंदी. दूरवरून काळी माती आणायची, विहिरीवर पंप बसवायचा, आणि उतार धरून ठेवायला भिंती घालायच्या. त्या घराच्या ठेकेदाराने भाऊजींना विचारलं, "तुम्ही कोकणात बांध घालता ना? मग घाला." भाऊजींनी घातल्या. सिमेंटच्या ठोकळ्यांच्या, ओळंब्यात सरळ, वर गुळगुळीत गिलावा. मी बघायला गेलो होतो. हुसेनभाई मला भिंतीवरून हात फिरवायला लावत होता, "बघ, काचेसारखी आहे की नाही?" बाग लागली, मोगऱ्याला फुलंही आली. मालक रोज संध्याकाळी पाहुण्यांना घेऊन तिथे बसायचा.

मग एका सकाळी माळी बोलवायला आला. खालच्या भिंतीला पोट आलं होतं. भाऊजी आणि हुसेनभाई गेले. भाऊजींनी पाहिलं आणि हुसेनला सांगितलं, टेकू द्यायला हवा, तू जागा साफ कर, मी फळ्या घेऊन येतो. फळ्या घराच्या पुढच्या अंगणात होत्या. ते फळ्या उचलून परत येईपर्यंत भिंत खाली आली होती.

मला कचेरीत निरोप आला तेव्हा मी धावत सुटलो. पोहोचलो तोवर हुसेनभाईला बाहेर काढून मोगऱ्याच्या वाफ्यात ठेवलं होतं. भाऊजी अजून उकरत होते. लोक त्यांना सांगत होते, अहो, काढला त्याला, बस करा. पण ते हातांनी चिखल उपसत होते. चिखल... त्या कोरड्या मुलखात एवढा चिखल मी त्याआधी पाहिला नव्हता. बोटांची नखं निघाली होती. मी त्यांचे हात धरले नाहीत. माझ्याच्याने धरवले नाहीत.

त्याच संध्याकाळी दफन झालं. मालक म्हातारा होता, मुलासारखा रडला. ठेकेदार म्हणाला, उपरवाले की मर्जी. मौलवी तेच म्हणाले, खोलीतले सगळे तेच म्हणाले. त्यांचं खोटं नव्हतं, आणि त्यांना दुसरं काय बोलता येणार होतं? गावी तार गेली. पुढे गावचा एक खलाशी बोटीने आला आणि त्याने आपाचा निरोप आणला. आम्ही दोघे त्याच्यासमोर बसलो होतो. तो खाली बघत म्हणाला, "हमीदा म्हणाली, त्यांना विचार. अल्लाची मर्जी आहेच. पण भिंत का पडली?"

बस, एवढंच. शिव्या नाहीत, शाप नाही, परत या नाही, येऊ नका नाही. भाऊजी उठून बाहेर गेले. त्यांना खरोखरच ठाऊक नव्हतं, भिंत का पडली ते.

त्यानंतर त्यांनी थापी हातात घेतली नाही. बंदरावर गोणी उचलायचे. मी त्यांच्याशी बोलत नव्हतो. एकाच खोलीत झोपायचो, त्यांनी रांधलेला भात खायचो, आणि शब्द काढायचो नाही. त्याच सुमारास त्या भागातली बांधकामं बघणाऱ्या एका इंग्रजी सल्लागार कंपनीने नियम केला: बागेच्या भिंती, पायऱ्या, फरसबंदी, माती धरून ठेवणारं काहीही बांधायचं तर बांधणाऱ्याकडे परवाना हवा, आणि परवाना हवा तर परीक्षा. नकाशा वाचून दाखवायचा, साहेबाच्या प्रश्नांना उत्तरं द्यायची, आणि शेवटी एक भिंत घालून दाखवायची. आमच्याकडचे जुने गवंडी चिडले, कुणी दुसऱ्या कामाला लागले. भाऊजी मात्र बंदरावरचं काम सोडून सरळ त्या कचेरीत गेले. लोकांना वाटलं, यांना पुन्हा ठेके घ्यायचे आहेत. मलाही तसंच वाटलं आणि माझा राग आणखी वाढला.

पहिल्या परीक्षेत ते नापास झाले. साहेबाने नकाशा पुढे ठेवला आणि भिंत दाखव म्हणाला. भाऊजींनी आयुष्यात कागदावर भिंत पाहिली नव्हती. वरून पाहिलेली कुठली, कापून दाखवलेली कुठली, काहीच कळेना. इंग्रजी प्रश्न, अरबी दुभाष्या, आणि यांना दोन्ही भाषा धड नाहीत. साहेबाने कागद गुंडाळला.

दुसऱ्या दिवसापासून ते त्या कचेरीच्या दाराशी जाऊन बसू लागले. तिथे नबील नावाचे एक इंजिनिअर होते, पॅलेस्टाईनचे, किडकिडीत, सतत सिगरेट. कामगारांकडून हिंदी शिकलेले. एक दिवस जेवायला बाहेर आले आणि वैतागून म्हणाले, "क्या चाहिए तुमको? लायसन्स ऐसे बैठके नहीं मिलता." भाऊजी म्हणाले, "लायसन्स नको साहेब. माझी भिंत पडली. माझ्या बायकोचा भाऊ गेला. का पडली, एवढं सांगा."

हे मला नंतर स्वतः नबीलनी सांगितलं. ते तिथेच उकिडवे बसले. कसली भिंत, केवढी, मागे काय भरलं होतं, पाणी किती देत होते, सगळं विचारलं. मग काडीने वाळूत एक उभी रेघ ओढली आणि रेघेच्या मागच्या बाजूला बोट ठेवून म्हणाले, "ये मिट्टी. अच्छी मिट्टी, पानी पकड़ती है. नीचे जमीन सख्त है. ऊपर से रोज पंप का पानी. अब बोलो इब्राहीम, पानी किधर जायेगा?"

भाऊजी म्हणाले, "आमच्याकडे चार महिने पाऊस कोसळतो. माझा एक बांध आजवर पडला नाही."

"सिमेंट लगाते हो उधर?"

"नाही. कोरडा चिरा."

"तो पानी पत्थर के बीच से निकल जाता है. इधर तुमने सब बंद कर दिया. प्लास्टर भी किया?"

भाऊजींनी मान हलवली. गिलावा त्यांनी हौसेने केला होता, चांगला दिसावा म्हणून. ते वाळूतल्या रेघेकडे बघत म्हणाले, "मला वाटलं, वाळवंट आहे. इथे पाणी कुठलं?" नबीलच्या बापाचीही डोंगरउतारावर ऑलिव्हची बाग होती, दगडी बांधांची, आणि तिथे परत जायची वाट त्यांना बंद झाली होती. त्या दिवसापासून ते रोज जेवणाच्या सुट्टीत भाऊजींना शिकवू लागले. भिंतीच्या मागे खडी कशी भरायची, पाया किती रुंद घ्यायचा, भिंतीच्या बुडाशी पाइपाचे तुकडे ठेवून पाण्याला वाट कशी द्यायची.

एका शुक्रवारी दुपारी खोलीत आम्ही दोघेच होतो. भाऊजी माझ्यासमोर येऊन बसले. "अन्वर," ते म्हणाले, "माझ्याशी बोलू नको हवं तर. पण मला परीक्षेचे इंग्रजी शब्द शिकव. मला का पडली ते कळलंय." मग त्यांनी नबीलनी सांगितलेलं सगळं मला सांगितलं, त्याच क्रमाने, स्वतःला कुठेही न वगळता. मी ऐकत होतो आणि माझ्या डोळ्यांसमोर हुसेनभाईचा तो गुळगुळीत भिंतीवरून फिरणारा हात येत होता. इतके महिने मीही तोच प्रश्न उशाशी घेऊन झोपत होतो, हे मला तेव्हा कळलं. मी शिकवायला लागलो. फाउंडेशन, स्लोप, लेव्हल, ग्रॅव्हल. त्या पाइपाच्या भोकांना नबील वीप होल म्हणत. भाऊजींनी विचारलं, "वीप म्हणजे काय?" मी म्हटलं, "रडणं." त्यांनी तो शब्द एकदा पुटपुटून पाहिला. मग म्हणाले, "पुढचा शब्द सांग."

दुसऱ्या परीक्षेला नकाशा त्यांनी नीट वाचला. साहेबाच्या प्रश्नांना तुटक इंग्रजीत का होईना, बरोबर उत्तरं दिली. मग भिंत. कंपनीच्या आवारात छातीएवढ्या उंचीची भिंत घालायची, मागे माती भरायची, आणि मग त्या मातीत पाणी सोडून ठेवायचं. मी कचेरीतून सुट्टी काढून गेलो होतो. पंप सुरू झाला. माती काळी पडत गेली. सगळे मागे सरकले आणि भाऊजी पुढे गेले. भिंतीच्या पुढ्यात, तिला पाठ लावून उभे राहिले.

"इब्राहीम, हटो!" नबील ओरडले. ते हलले नाहीत. डोळे मिटलेले, ओठ हलत होते. साहेबाने हातातली वही खाली टाकली. पाणी बुडाच्या पाइपांतून बाहेर यायला लागलं, त्यांच्या पायांवरून वाहायला लागलं. भिंत उभी होती. भाऊजीही उभे होते. नबीलनी पंप बंद करायला लावला, पुढे जाऊन त्यांच्या दंडाला धरून खेचून काढलं, आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "दीवार पास है. तुम फेल. जो आदमी खुद दीवार के नीचे खड़ा होता है, वो कल दूसरे को भी खड़ा करेगा. मैं ऐसे आदमी को लायसन्स नहीं दूँगा. खलास."

भाऊजी रागावले नाहीत. मला ते वाईट लक्षण वाटलं. त्यानंतर त्यांनी जेवण जवळजवळ सोडलं. खोलीत कुणी बोललं तर हूं म्हणायचे. एका दुपारी ते नबीलच्या कचेरीतही नव्हते, खोलीतही नव्हते. मी शोधत शोधत खाडीच्या काठाने गेलो, तर गलबतं लागतात त्याच्या पलीकडे, वस्ती संपते तिथे, ते भर उन्हात पाण्यात गुडघाभर उभे. त्यांना पोहता येत नव्हतं. खलाशांच्या गावचा हा माणूस, पण आयुष्यभर डोंगरावर दगड फोडलेले, पाण्याची भीती. मी काठावरून हाक मारली. त्यांनी मागे पाहिलं नाही. म्हणाले, "अन्वर, ती भिंत पडायला हवी होती रे. मी मुद्दाम पाणी जास्त सोडायला लावलं होतं..."

मी बूट घालूनच पाण्यात उतरलो. त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिलो. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून बोललो. "तुम्ही मेलात तर आपाला उत्तर कोण देणार?" मी ओरडलो. "तिने तुम्हाला विचारलंय. मला नाही, नबीलला नाही. तुम्हाला. तुम्हाला कळलंय आणि तुम्ही इथे उभे आहात? मग मी तिला काय सांगू, तेही बुडाले म्हणून?"

मग त्या माणसाने माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं आणि जो हंबरडा फोडला तो मला आजही ऐकू येतो. हुसेनला दफन करताना ते रडले नव्हते. मीही रडलो. दोघे पाण्यात उभे राहून, लहान मुलांसारखे. काठावरून जाणारा एक बलुची हमाल थांबला, त्याने आपला पाण्याचा डबा आमच्यासाठी खाली ठेवला आणि निघून गेला.

तिसऱ्या परीक्षेला भाऊजींनी भिंत घातली. पंप सुरू व्हायच्या आधी त्यांनी स्वतः पुढ्यातली जागा दोरी बांधून बंद केली. साहेब पाहायला म्हणून सवयीने दोरी ओलांडू लागला तेव्हा हे म्हणाले, "नो सर. बिहाइंड रोप, प्लीज." मी शिकवलेलं इंग्रजी. नबीलनी सिगरेट पेटवली आणि दुसरीकडे तोंड फिरवलं. भाऊजी दोरीच्या अलीकडे उभे होते, मी त्यांच्या बाजूला. दिवसभर पाणी सोडलं. भिंत हलली नाही.

परवाना मिळाला तेव्हा खोलीतल्यांनी खजूर वाटले. भाऊजींनी तो कागद ट्रंकेत टाकला आणि मला म्हणाले, "चल, गावी जाऊ."

पावसाळा संपून गेला होता. घरी पोहोचलो तेव्हा आपा मागच्या पडवीत तांदूळ निवडत बसली होती. अम्मी आत होती, हुसेन गेल्यापासून ती फारशी बाहेर येत नसे. भाऊजी चपला काढून आपासमोर जमिनीवर बसले. खुशाली नाही, काही नाही. त्यांनी सांगायला सुरुवात केली. माती कशी होती, पाणी कसं होतं, गिलावा कसा केला, पाण्याला वाट कशी ठेवली नाही. "मला माहीत नव्हतं, हमीदा," ते म्हणाले. "पण माहीत करून घेणं माझं काम होतं. मी विचारलं नाही कुणाला. मला वाटलं, मला येतं. म्हणून पडली."

आपाचा हात सुपावर थांबला होता. ती म्हणाली, "त्याला कळलं होतं? पडतेय ते?"

"नाही. मी फळ्या आणायला गेलो होतो. तो मला हाका मारत होता, भाऊजी, लवकर आणा म्हणून. हसत होता."

आत अम्मी खोकली. मग आपा म्हणाली, "आता ठेवता ना, पाण्याला वाट?"

"ठेवतो."

"मग जा परत. काम करा. अम्मीला मी सांगेन, तुम्ही सांगू नका." आणि सूप उचलून ती आत गेली.

माफ केलं, असं ती तेव्हा म्हणाली नाही आणि पुढेही कधी म्हणाली नाही. भाऊजी परत गेले. नंतर आपाही दुबईला गेली, संसार तिथेच झाला, मुलगा झाला, नातवंडं झाली. भाऊजींनी कितीतरी बागांच्या भिंती घातल्या. बहुतेक आता राहिलेल्या नाहीत, त्यांच्या जागी उंच इमारती उभ्या आहेत. कुणी म्हणायचं, इब्राहीमचा हात भारी. ते कामाकडे वळायचे. त्यांच्या हाताखाली कितीही घाईचं काम असो, टेकू लावल्याशिवाय कुणाला ओल्या भिंतीपुढे जाऊ देत नसत, आणि टेकू लावायला स्वतः जात.

त्यांच्या मृत्यूनंतरच्या चाळिसाव्या दिवसाला मी अल बर्शाला गेलो. मेट्रोच्या रुळांकडे तोंड असलेला सातव्या मजल्यावरचा फ्लॅट. पाहुणे येऊन-जाऊन होते. मी भाऊजींच्या खोलीत शिरलो तर आपा एकटी उभी होती, त्यांच्या खाटेकडे बघत. मला आधी कळेना तिला काय खुपतंय. खाट भिंतीला लावलेली होती. सूनबाई दारातून म्हणाली, "मम्मी, गेस्ट लोकांना बसायला स्पेस नव्हती ना, म्हणून सरकवली. नाहीतर रूमच्या मधोमध होती, सगळ्यांचे पाय आपटायचे. अब्बा कधी वॉलला लावूच देत नव्हते. व्हाय, कुणाला माहीत." झैद हसून म्हणाला, "दादा वॉज लाइक दॅट ओन्ली. हॉटेलमध्ये पण बेड ओढायचे."

आपा पंच्याऐंशीच्या पुढची बाई, गुडघे गेलेले. तिने खाली वाकून दोन्ही हातांनी खाटेचा पाय धरला आणि ओढू लागली. खाट हलेना. झैद धावला, "दादी, लीव्ह इट, आय विल डू." तिने त्याला हातानेच थांबवलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी दुसऱ्या बाजूला गेलो. दोघांनी मिळून, थांबत थांबत, ती खाट भिंतीपासून सोडवली आणि खोलीच्या मधोमध आणून ठेवली. आपाने चारी बाजूंनी हात फिरवून पाहिलं, कुठे काही टेकलेलं नाही ना. मग ती खाटेवर बसली आणि सुनेला म्हणाली, "आता इथेच राहू दे."